समोरचे दोन दात

खुर्चीवर आडवा होण्याआधी तो उजव्या हाताच्या नखाने वरचे समोरचे दोन दात वाजवायचा. टक, टक. मग म्हणायचा, "मॅडम, हे दोन सोडून जे काढाचं ते काढा. हे माहे नाहीत. बँडचे हायेत."

एवढं बजावून झालं की मगच तोंड उघडायचा.

तुम्ही नागपुरात राहत असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. वरातीच्या मागे आपली गाडी अडकते, आपण काच खाली करून वैतागून पुढे बघतो. लाल कोट घातलेल्या, खांद्यांवर सोनेरी झालर लावलेल्या माणसांच्या घोळक्यात एक उंच, काटकुळा माणूस डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत असतो. ट्रम्पेटवाल्यांचे गाल फुगलेले असतात, याचे आत ओढलेले. नवरदेवाचे दोस्त नाचत नाचत त्याच्या अंगावर येतात. तो अर्धं पाऊल मागे सरकतो, पण सूर सोडत नाही. तो हाच, असं मी खात्रीने म्हणत नाही. पण असलाच. सगळे त्याला मास्टर म्हणत. मीही तेच म्हणायची.

मी दातांची डॉक्टर. मनीषनगरात औषधाच्या दुकानावर माझा दवाखाना आहे, आणि मागच्या गल्लीत तेव्हा मास्टरच्या बँडचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत खिळ्यांना टांगलेले ढोल, बाहेर नवरानवरीचं चित्र काढलेली पाटी. मास्टर राहायचा कामठीला. सकाळच्या बसने यायचा आणि दुपारी काम नसलं की दुकानाच्या पायरीवर बसून रीड घासायचा. रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधायची वेताची पातळ पट्टी. ती आधी तोंडात धरून ओली करायची, मग बांधायची, मग फुंकून बघायची. माझी खिडकी त्याच गल्लीत उघडते. त्यामुळे दुपारभर इकडे माझं मशीन आणि तिकडे त्याचं क्लॅरिनेट, असं चालायचं. खुर्चीतले पेशंट त्याच्या सुराने जरा सैल पडायचे, हेही सांगायला हवं.

आमची ओळख झाली ती तक्रारीवरून. एका दुपारी तो जिना चढून वर आला, दारात उभा राहून दम खाल्ला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची मशीन बेसुरी हाये."

"म्हणजे?"

"दोन सुराच्या मंधात अटकून राहिली. ना वर जात, ना खाली येत. माहा बी सूर बिघडते तिच्यानं."

मी म्हटलं, मशीन सुरात लावायची सोय अजून निघालेली नाही. तो हसला, आणि हसताना मला त्याचं तोंड दिसलं. आमच्या धंद्यातली माणसं हसणाऱ्याकडे अशीच बघतात, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, "मास्टर, जरा खुर्चीवर बसा."

हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या, आरशाचा दांडा नुसता टेकला तरी रक्त येत होतं. मागच्या दाढांची मुळंच काय ती उरली होती. समोरच्या दोन दातांपैकी डावा राखाडी झाला होता. पूर्वी कधी एका वरातीत कुणीतरी नाचताना धडकलं, क्लॅरिनेट तोंडात आदळलं आणि तो दात आतल्या आत मेला. त्याच्या मुळापाशी हिरडीवर वाटाण्याएवढा फोड होता. मास्टर रोज सकाळी अंगठ्याने तो दाबायचा, पू थुंकून टाकायचा आणि वरून गुडाखू चोळायचा. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची ती काळी, चिकट पेस्ट. तिने हिरडी बधिर होते.

"फोडला का आराम पडते," तो म्हणाला. जणू आंघोळीबद्दल सांगत होता.

एक्स-रे काढला. मूळ उभं तडकलेलं होतं. शेजारच्या दाताखालचं हाडही झिजून गेलं होतं. दोन्ही वाचण्यातले नव्हते, तसं मी त्याला सांगितलं. ती टकटक मी पहिल्यांदा ऐकली ती तेव्हा.

क्लॅरिनेट वाजवणारा वरचे दात त्याच्या फुंकायच्या टोकावर टेकवतो, खालचा ओठ आत दुमडतो आणि त्या दोघांच्या चिमटीत सूर धरतो. हे मला त्यानेच तिथल्या तिथे, माझ्या टॉर्चचं क्लॅरिनेट करून दाखवलं. मी म्हटलं, कवळी लावू. त्याने टॉर्च तोंडापासून खाली घेतला. मग म्हणाला, "माह्या उस्तादाचे दात गेले होते. कवळी लावली त्याहीनं. पहिल्याच वरातीत कवळी निसटली अन् क्लारनेटासंगं बाहेर आली. लोकं हासले. मंग मालकानं उस्तादाले डोक्यावर दिवे घेऊन चालाले लावलं. माह्याच बाजूनं. मी वाजवू, अन् ते दिवा घेऊन आयकत. माहा सूर चुकला का दिवा हाले."

त्याने टॉर्च माझ्या हातात परत दिला.

"मले दिवा नाही धराचा, मॅडम."

हाडात खिळा बसवून पक्का दात लावता येतो, हेही मी सांगितलं. पण त्याला हाड भरून यावं लागतं, महिने जातात, तोवर फुंकायचं नाही. "तवरीक बँड दुसरा मास्टर आणते," तो म्हणाला आणि खुर्चीवरून उतरला. जाताना दारातून मागे वळून एवढंच म्हणाला, "लग्नसराई होऊ द्या. मंग पाहू."

हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. लग्नसराई संपली की पोळा यायचा, मग मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग देवी. देवी उठली की तुळशीची लग्नं आणि पुन्हा माणसांची. नागपुरात वाजंत्र्याला रिकामा महिना मिळतच नाही, हे मला त्याच्यामुळे कळलं.

त्याची बायको उमरेडकडची, विणकरांच्या घरातली. बुटकी, गोल चेहऱ्याची, बोलायला खणखणीत. बँडच्या कोटांना झालर शिवायचं काम ती घरी करायची आणि शिवलेले कोट पोचवायला मनीषनगरात आली की माझ्याकडे डोकवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. "यायले तुमीच सांगा ना मॅडम," ती म्हणायची. "मी सांगतलं तं एका कानानं आयकते अन् क्लारनेटातून बाहेर काढते." मास्टर शेजारी बसून मान डोलवायचा. नवराबायको डबा माझ्याच बाकावर बसून खात, एकाच डब्यातून, तो भाकरीची कडा काढून मऊ भाग खायचा आणि कडा तिच्यासाठी ठेवायचा. चावायला दाढाच नव्हत्या त्याला.

त्याचा दम लागणं मी सुरुवातीला गुडाखूच्या खाती टाकलं होतं. पण एकदा हिरड्या साफ करायच्या म्हणून नेहमीचे प्रश्न विचारत होते: साखर आहे का, बीपी आहे का, लहानपणी काही मोठं दुखणं? तो नाही-नाही म्हणत गेला आणि बायको मध्येच बोलली, "काहून खोटं सांगता गा? तुमच्या मायनं सांगतलं होतं ना मले. लहानपणी सांधे सुजत. सुया देत होते दवाखान्यात, कितीक वर्स."

मी हातातली वस्तू खाली ठेवली. त्या सुया कशासाठी असतात ते मला माहीत होतं. लहानपणी घसा बिघडतो, मग सांधे सुजतात, आणि सांधे बरे होतात तेव्हा काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब झालेल्या असतात. त्या दिवशी मी त्याचे दात साफ केले नाहीत. ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोनोग्राफी झाली. झडप आखडलेली होती आणि गळतही होती.

रिपोर्ट घेऊन दोघं आली तेव्हा मी त्यांना समोर बसवून शक्य तितकं सोपं करून सांगितलं. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. तुमच्या, माझ्या, नवरदेवाच्या, भटजीच्याही. हिरडी निरोगी असेल तर ते आपल्या जागी राहतात. मास्टरची हिरडी म्हणजे उघडी जखम आहे. जेवताना, दात घासताना, फोड दाबताना तिथून ते रक्तात शिरतात. साबूत हृदयाच्या माणसाच्या रक्तात शिरले तर बहुतेक वेळा तिथेच मरून जातात. मास्टरची झडप खरबरीत आहे, तिला ते चिकटू शकतात. चिकटले की तिथेच वाढतात आणि झडप खातात.

"दातातून दिलात?" त्याने विचारलं.

"हो."

"या रीडवर बी असतीन मंग?"

"असतील."

त्याने हातातली रीड उलटीपालटी करून पाहिली. मग चेहरा उजळला. "म्हंजे माहे जंतू बी आतापावेतो क्लारनेट शिकले असतीन."

तो एकटाच हसला. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला समजलं होतं.

त्यानंतर त्याने माझं निम्मं ऐकलं. गुडाखू सोडली, म्हणजे माझ्यासमोर तरी. आधी औषध देऊन, काळजी घेऊन मागची सगळी मुळं मी काढली, तीही दोन-तीन खेपांत. हिरड्यांचं रक्त थांबलं. पण ते समोरचे दोन आणि त्यांच्यावरचा तो फोड तसाच राहिला. मी प्रत्येक वेळी म्हणायची, आता हे. तो नखाने टकटक करायचा.

पुढच्या हिवाळ्यात त्याला ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी, फार नाही, अंगात कसकस आणि मग घाम. कामठीच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मग टायफॉइडच्या. मग सलाइन लावलं. गोळ्या चालू असल्या की ताप उतरायचा, संपल्या की पुन्हा यायचा. त्यातच तो वरातींना जात होता. हे मला काहीच माहीत नव्हतं, कारण लग्नसराईत तो दवाखान्याची पायरी चढत नसे आणि त्या दिवसांत पायरीवर बसून रीड घासणंही बंद असे.

मला तो दिसला वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. संध्याकाळची वरात फाटकापाशी येऊन थांबली होती आणि आम्ही बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होतो. बाहेर चांगलीच थंडी होती, सगळ्यांनी शाली गुंडाळल्या होत्या, आणि मास्टरच्या गळ्यावरून घामाचे ओघळ वाहत होते. लाल कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. कोट तोच होता, आतला माणूस निम्मा झाला होता. तो वाजवत मात्र होता. मी अनेकदा त्याला ऐकलं, पण त्या दिवशीसारखं नाही. नाचणारी पोरंसुद्धा जरा थांबली. सूर लांब धरायचा, आणि तो कुठे संपला हे कळायचं नाही. मग मला दिसलं की प्रत्येक ओळीनंतर तो वाकतोय. नमस्कार करत नव्हता. श्वास घेत होता.

नवरदेव आत गेल्यावर मी त्याला गाठलं. तो ढोलाच्या गाडीला टेकून बसला होता.

"मास्टर, किती दिवस ताप आहे?"

"थोडासाच हाये मॅडम. सीझनचा."

"हात बघू."

त्याने हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर बारीक लाल गाठी होत्या. "इथं दुखते," तो म्हणाला, "होल दाबताना सुई टोचल्यासारखं होते." मी मोबाइलचा उजेड पाडला. नखांखाली काळपट उभ्या रेघा होत्या, काटे रुतल्यासारख्या. हे सगळं मी कॉलेजात असताना पुस्तकात पाहिलं होतं. जिवंत माणसाच्या हातावर पहिल्यांदाच पाहत होते.

मी म्हटलं, उद्या सकाळी मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं. भरती व्हायचं. मीही येते.

"उद्या काटोलले वरात हाये."

"मास्टर, हे जंतू हृदयात गेलेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मंडपाकडे, जिथे जेवणाचा वास सुटला होता. "परवा आलो तं नाही चालन काय?"

मी तिथूनच त्याच्या बायकोला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन दवाखान्याच्या फाटकात हजर होती. नंतर कळलं, तो उठायच्या आत तिने क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून शेजारणीच्या घरी ठेवून दिले आणि कुलूप लावायला सांगितलं. "भांडले माह्यासंगं," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून पहिल्यांदा हात उगारला. मारला नाही. मंग रडले."

रक्त घेतलं, बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं. आधीच्या गोळ्यांमुळे जंतू दबले होते, लवकर सापडेनात. पुन्हा रक्त घेतलं. शेवटी उगवले. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईने त्याला सांगितलं, काका, हे तोंडातले जंतू आहेत. मास्टरने मान हलवली. "म्हंजे घरचेच निघाले."

हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा मी आत होते, बायकोलाही आत घेतलं होतं. पडद्यावर झडप उघडझाप करत होती आणि तिच्या टोकाला एक गोळा लोंबत होता, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा. प्रत्येक ठोक्याला तो इकडून तिकडे झुलायचा.

"ते हालून राहिलं ते काय होय?" तिने विचारलं.

जंतू आणि गोठलेलं रक्त, त्यांचा गोळा झाला आहे, असं मी सांगितलं. तो तुटला तर काय होतं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. थोड्या वेळाने वॉर्डाच्या डॉक्टरांनी दोघांनाही ते सांगितलंच.

रोज शिरेतून औषध सुरू झालं. ताप उतरला. मास्टर बसू लागला, शेजारच्या खाटेवरच्या नरखेडच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारू लागला. त्या म्हाताऱ्याच्या नातवाचं लग्न ठरलेलं होतं आणि मास्टर त्याला कुठली गाणी कुठे वाजवायची ते समजावून सांगायचा. फाटकापाशी काय, मंडपात शिरताना काय, पोरगी निघताना काय. "पोरगी निघताना ढोल बंद ठेवजा," तो सांगायचा. "तवा एकटं क्लारनेट पाहिजे." मला वाटू लागलं होतं की निभावलं.

पण झडप फाटली होती. ती बदलावी लागणार होती, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अट घातली: तोंडातला सगळा पू आधी बाहेर. नवी झडप घालायची आणि दातांत तेच जंतू ठेवायचे, असं चालणार नाही. त्या दोन दातांबद्दल आता विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दात तिथल्याच दंतविभागात काढायचे होते. मास्टरने निरोप पाठवला की मॅडम हजर पाहिजेत. मी गेले. तो चाकाच्या खुर्चीवरून आला. बायकोने बाहेरच विचारलं, "क्लारनेट आणू काय? शेवटचं वाजवता?"

"नको," तो म्हणाला. "दम नाही आता. खराब वाजन. खराब काहून वाजवाचं?"

इंजेक्शन दिल्यावर ओठ बधिर होईपर्यंत मी त्याच्याजवळ उभी होते. त्याने माझा हात धरला नाही, काही नाही. फक्त वरचा ओठ बोटाने चाचपत राहिला. तिथल्या डॉक्टरांनी डावा दात चिमट्यात धरला आणि जरासा हलवला, तेवढ्यानेच आला. उजव्यालाही वेळ लागला नाही. इतके सैल होते ते. इतक्या सैल दातांवर तो गेली कित्येक वर्षं सूर पेलत होता.

तोंडात बोळा होता म्हणून त्याला बोलता येत नव्हतं. त्याने खूण करून स्टीलची थाळी जवळ मागितली. आत ते दोन दात पडले होते, मुळाशी पूची पिशवी लटकलेली. बराच वेळ पाहिल्यावर त्याने बोळा काढला, आणि जड जिभेने बोलला. "घात यायनंच केला म्हणता ना, मॅडम?"

"हो मास्टर."

"पण वाजवलं बी यायनंच."

शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली होती. दातांच्या जखमा भरत होत्या. बायको रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्याने त्याला चुळा भरायला लावायची. समोरचे दात गेल्यावर वरचा ओठ आत बसला होता आणि तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता. ती त्याला त्यावरून चिडवायची, "माहा सासरा वापस आला बाप्पा." तो तोंडावर हात धरून हसायचा.

अशाच एका सकाळी ती त्याच्या तोंडाला पेला लावून बसली होती. त्याने घोट घेतला आणि पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळू लागलं. दात नाहीत म्हणून गळतंय, असं तिला वाटलं. तिने पदराने हनुवटी पुसली आणि म्हटलं, "नीट धरा ना गा." पाणी पुन्हा गळलं. मग पेल्याला आधार दिलेला त्याचा हात चादरीवर पडला, उजवा हात, आणि वर आलाच नाही. त्याने तिच्याकडे पाहून काहीतरी म्हटलं. शब्द नव्हता तो. नुसता आवाज होता.

त्या झुलणाऱ्या गोळ्याचा तुकडा तुटून मेंदूत गेला होता.

मी दुपारी पोचले. तो जागा होता, डोळे उघडे होते. मला ओळखलं, असं मला वाटतं. बायको त्याच्या निर्जीव हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती, आणि ती पुन्हा मिटत होती. "इंजेक्शनानं मोकळा होईन ना हात?" तिने विचारलं. "झडप बदलल्यावर?" आता झडप बदलता येणार नव्हती. मेंदूत रक्तस्राव सुरू झाला होता, हे डॉक्टर मला बाहेर सांगून चुकले होते. मी तिच्याजवळ बसले. काय बोलले ते मला आठवत नाही.

तो त्यानंतर फार दिवस राहिला नाही. शुद्ध हळूहळू गेली. घशात लाळ घरघरायची आणि नर्स नळीने ती ओढून काढायची. माझ्या दवाखान्यातही अशीच नळी आहे, तिचा आवाज मी रोज ऐकते. तिथे तो ऐकवत नव्हता.

कामठीच्या घाटावर बँडवाले आले होते. भर लग्नसराई होती आणि दुपारी त्यांना वरातीला पोचायचं होतं, म्हणून सगळे लाल कोटातच होते. सोनेरी झालरी उन्हात चमकत होत्या आणि त्या सगळ्या तिच्याच हातच्या होत्या. कुणी काही वाजवलं नाही. मालक हात जोडून तिच्यासमोर उभा राहिला, मग घड्याळाकडे बघून सगळ्यांना घेऊन गेला. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. कुणाचं तरी लग्न होतं.

उन्हाळा सुरू झाल्यावर एका दुपारी ती माझ्या दवाखान्यात आली. एकटीच. हातात कोटांचं गाठोडं नव्हतं. ते काम तिने सोडलं होतं.

"मॅडम, माहं तोंड पाहा."

"दुखतंय का काही?"

"नाही."

मी तिला खुर्चीवर बसवलं, दिवा ओढला. तिने तोंड उघडलं. मी आरसा फिरवून सगळीकडे पाहिलं. दात घट्ट, हिरड्या गुलाबी. थोडं कीट होतं खालच्या दातांच्या मागे, सगळ्यांचं असतं तेवढं. "छान आहे तोंड तुझं," मी म्हटलं. "जरा साफ करून देते, झालं." आणि मी साफ करायचं हत्यार हातात घेतलं.

ती उठून बसली. "एक विचारू काय?"

"विचार ना."

"आमी एकाच डब्यात जेवत होतो. त्याहीचं उष्टं मी खात होती. पट्टी, ती रीड, मीच धुवत होती, अन् कदी कदी वल्ली झाली का नाही ते जिभेला लावून पाहत होती." ती खुर्चीच्या कडेला सरकली. "ते जंतू माह्या बी तोंडात आले असतीन?"

तिला भीती वाटत असणार असं समजून मी घाईने सांगू लागले. बरोबर राहणाऱ्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातातच, काही तुझ्याकडे आले असतील, पण तुझं हृदय चांगलं आहे, तुझ्या हिरड्या चांगल्या आहेत, तुला त्यांच्यापासून काही होणार नाही, घाबरू नको.

तिने ते सगळं बाजूला सारलं.

"म्हंजे हायेत?"

"असतील काही."

"जित्ते?"

"हो," मी म्हटलं. "जिवंत."

तिने तोंड मिटलं. दोन्ही ओठ घट्ट दाबून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग माझ्या हातातल्या हत्याराकडे पाहून म्हणाली, "मंग राहू द्या. आज नका साफ करू."

मी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. ती खुर्चीवरून उतरली, पदर सारखा केला आणि तोंड न उघडता मान हलवून माझा निरोप घेतला.